पेंडिंग, मंजूर, जमा: आमची वाटचाल

आमच्या फर्मची पहिली वही अजून टेबलाच्या खणात आहे. तिच्यात तीन रकाने आखलेत: पेंडिंग, मंजूर, जमा. पहिल्या आठ महिन्यांत तिसरा रकाना कोराच आहे. वेबसाइट चालू होती, लोक वाचत होते, आमच्या लिंकवरून खरेदीही होत होती. बँकेत मात्र काहीच येत नव्हतं. ॲफिलिएट मार्केटिंगमध्ये, म्हणजे दुकानांच्या लिंक देऊन विक्रीवर कमिशन मिळवण्याच्या धंद्यात, नव्याने येणारी मंडळी मला विचारतात, सुरुवात कोणत्या नेटवर्कपासून, म्हणजे आपल्याला दुकानांशी जोडून देणाऱ्या कोणत्या कंपनीपासून करू? मी त्यांना आधी तो कोरा रकाना दाखवते.

मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनीच हे सुरू केलं. घरून काम करणाऱ्यांना लागणारी टेबलं, खुर्च्या, दिवे वापरून बघायचे, त्यांचे गुणदोष लिहायचे आणि खाली खरेदीची लिंक द्यायची. लिहिणं माझ्याकडे, तांत्रिक बाजू त्याच्याकडे. कुणी त्या लिंकवरून वस्तू घेतली की दुकान आम्हाला कमिशन देणार.

हुरूप इतका होता की पहिल्याच महिन्यात आम्ही सात नेटवर्कांवर नाव नोंदवलं. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत झाली. प्रत्येक नेटवर्कची एक किमान रक्कम ठरलेली असते आणि शिल्लक तिथवर गेल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. आमची मुळातच थोडी असलेली विक्री सात ठिकाणी विखुरली आणि सातही खाती त्या रेषेच्या खालीच राहिली. तेवढीच विक्री दोन ठिकाणी झाली असती, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच पैसे हातात आले असते. काही नेटवर्कं बरेच दिवस कमिशन न आलेल्या खात्यातून दरमहा शुल्क कापतात. आमची एका खात्यातली शिल्लक अशीच झिजत झिजत संपली. ते अटींमध्ये लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं.

नेटवर्क आणि दुकानाची स्वतःची योजना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही तेव्हा नीट उमगलं नव्हतं. ॲमेझॉनची असोसिएट्स योजना १९९६ मध्ये निघाली, ती ॲमेझॉन स्वतःच चालवतं. लिंक त्यांची, नोंद त्यांची, पैसे देणारेही तेच. लिंकशेअर त्याच वर्षी आणि कमिशन जंक्शन १९९८ मध्ये उभं राहिलं, ती मात्र मधली माणसं. एका खात्यातून अनेक दुकानांकडे अर्ज करता येतो, क्लिक आणि विक्रीचा हिशेब नेटवर्क ठेवतं आणि दुकानांकडून पैसे गोळा करून आपल्याला देतं. पण नेटवर्कने घेतलं म्हणजे दुकानांनी घेतलं असं होत नाही. बरीच दुकानं आपला अर्ज वेगळा तपासतात. आमचे निम्म्याहून अधिक अर्ज परत आले, कारण साइटवर जेमतेम नऊ लेख होते. ॲमेझॉनकडे तर नव्या खात्यावर १८० दिवसांत ३ पात्र विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. रिकाम्या साइटवरून घाईने अर्ज करण्यात काहीच हशील नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र एका लिंकने केलं. खुर्च्यांवरचा आमचा एक लेख सर्वांत जास्त वाचला जायचा. त्यातल्या एका लिंकवर दोन महिने भरपूर क्लिक दिसत होते आणि विक्री शून्य. मी लेखच पुन्हा लिहायला घेतला. भाऊ म्हणाला, "ताई, लेखाला हात लावू नकोस. इतक्यांपैकी एकानेही खुर्ची घेतली नाही, हे मला पटत नाही."

त्याने लिंकचा सगळा प्रवास तपासला. क्लिक झाला की वाचक आधी नेटवर्कच्या सर्व्हरवरून जातो, तिथे त्या क्लिकला एक क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक घेऊन वाचक दुकानाच्या पानावर पोचतो. दुकानाची साइट तो क्रमांक कुकीमध्ये, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमधल्या एका छोट्या नोंदीत, जपून ठेवते. खरेदी पूर्ण झाली की शेवटच्या पानावरचा कोड तोच क्रमांक नेटवर्कला कळवतो आणि कमिशन आपल्या नावावर पडतं. या दुकानाने साइट नवी केली होती आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळताना तो क्रमांक गळून पडत होता. नेटवर्ककडे क्लिक मोजले जात होते, विक्रीचा धागा तुटलेला. आम्ही कळवलं, त्यांनी दुरुस्त केलं, पण मागच्या दोन महिन्यांचं कमिशन गेलं ते गेलंच. ज्याची नोंदच नाही त्यावर दावा तरी कसा करणार? त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला भाऊ प्रत्येक लिंक उघडतो आणि शेवटच्या पत्त्यात तो क्रमांक टिकून आहे का ते बघतो. प्रत्येक लेखातल्या लिंकला वेगळा सब-आयडी, म्हणजे ओळखीची खूणही जोडली, त्यामुळे विक्री कोणत्या लेखातून आली ते कळतं.

कुकीच्या मुदतीचंही तसंच, म्हणजे क्लिकनंतर किती वेळात खरेदी झाली तर कमिशन आपलं, ते. ॲमेझॉनची साधारण मुदत २४ तासांची, अनेक नेटवर्कांवरच्या दुकानांची ३० दिवसांची. खुर्चीसारखी वस्तू माणूस आठवडाभर विचार करून घेतो, त्यामुळे आमच्यासाठी हा आकडा कमिशनच्या टक्क्याइतकाच महत्त्वाचा. त्यात बहुतेक ठिकाणी श्रेय शेवटच्या क्लिकला मिळतं. आमचं परीक्षण वाचून ठरवलेला ग्राहक पैसे भरताना कूपनच्या साइटवर डोकावला, की कमिशन तिकडे जातं. मला हे आजही अन्यायाचं वाटतं. अर्ज करण्याआधी कूपनवाल्यांबाबत दुकानाचं धोरण काय, हे आता आम्ही विचारून घेतो.

आणखी एक चूक आकड्यांची. प्रति क्लिक कमाई, म्हणजे ईपीसी, बघून आम्ही दुकानं निवडायचो. कमिशन जंक्शनवर हा आकडा १०० क्लिकांमागे दाखवतात, इतर काही ठिकाणी एका क्लिकमागे. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून तुलना करत होतो.

पेंडिंगचे पैसे आपले नसतात, हेही हळूहळू अंगवळणी पडलं. खुर्च्या परत होतात. परतीची मुदत संपेपर्यंत दुकान कमिशन मंजूर करत नाही, माल परत गेला तर ते रद्द होतं. एकदा मी पेंडिंगचा आकडा बघून नवा कॅमेरा घेतला आणि त्या महिन्यात जवळपास तिसरा हिस्सा रद्द झाला. तेव्हापासून खर्च फक्त जमाच्या रकान्यातून.

तिसऱ्या वर्षी आमची अर्ध्याहून अधिक कमाई ज्या दुकानावर होती, त्याने दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. आधी आठवडाभर सूचना, बस्स. त्या रात्री आम्ही दोघं वही उघडून बसलो आणि एकाच दुकानावर कमाईच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भिस्त ठेवायची नाही असं ठरवलं. ते साधायला वर्ष लागलं.

एका गोष्टीत आम्ही कधीच तडजोड केली नाही. लिंकमधून आम्हाला कमिशन मिळतं, हे लेखाच्या सुरुवातीलाच लिहितो. आमच्याकडे आलेल्यांपैकी सर्वांत जास्त कमिशन देणारी खुर्ची आम्ही शिफारशीत घेतली नाही, तिचा हात महिन्याभरात डुगडुगायला लागला होता.

आज सातातली दोनच नेटवर्कं उरली आहेत आणि दिवे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याशी थेट व्यवहार आहे. गेल्या आठवड्यात तिसऱ्या नेटवर्कचा अर्ज भरला. पाठवण्याआधी त्याच्या अटी भावाने मोठ्याने वाचल्या आणि किमान रक्कम, पैसे मिळण्याची मुदत आणि पडून राहिलेल्या खात्याचं शुल्क मी वहीत उतरवून घेतलं.