‘नेश’चा माग

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या एका खाणकामगाराच्या आठवणी मराठीत आणताना काम अडलं ते एका शब्दावर. थंडीने काकडणाऱ्या पोराला बाप म्हणतो, ‘डोन्ट बी सो नेश.’ पहिल्या खर्ड्यात ‘नाजूक’ असं होतं आणि समासात टीप: ‘या भागावर डेन लोकांचं राज्य होतं, म्हणून शब्द नॉर्स असावा.’ नॉर्स म्हणजे डेन लोकांची जुनी भाषा, इंग्रजीची चुलत बहीण. ती टीप तपासण्यात माझा अख्खा दिवस गेला.

आधी जोसेफ राइट यांचा सहा खंडांचा बोलीकोश (१८९८-१९०५) काढला. शब्द कुठल्या परगण्यांत चालतो ते त्यात कळतं. नेश श्रॉपशरमध्येही आहे, आणि तिथे डेन लोकांची वस्ती झालीच नाही. टिपेबद्दल पहिली शंका इथे आली. पण नुसत्या नकाशावर निकाल देऊ नये, शब्द माणसांबरोबर फिरतात.

मग जुन्या इंग्रजीचा कोश. तिथे ‘न’खाली शोधलं तर हाती काहीच लागत नाही, आणि नवखे इथेच फसतात. हा शब्द तेव्हा ‘ह्नेश’ होता. ‘नट’ आणि ‘नेक’ यांच्या आधीही असाच ‘ह’ होता, तो पुढे गळाला. म्हणून ‘न’ने सुरू होणारा जुना शब्द ‘ह’खालीही बघायचा.

खरा पुरावा मात्र शेवटच्या ‘श’मध्ये आहे. मूळ ‘स्क’चा इंग्रजीत ‘श’ झाला, नॉर्समध्ये ‘स्क’ तसाच राहिला. शर्ट आणि स्कर्ट एकाच मुळाचे, पण पहिला घरचा, दुसरा नॉर्समधून आलेला. नॉर्समधून आला असता, तर नेशच्या शेवटी ‘स्क’ उरला असता. ही कसोटी उलटी मात्र लावू नये: ‘आस्क’मध्ये ‘स्क’ आहे, तरी तो अस्सल इंग्रजीच.

राहिला अर्थ. गॉथिक ही इंग्रजीच्याच नात्यातली जुनी भाषा; तिच्या चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये याचाच भाऊबंद ‘ह्नास्कुस’ मऊ वस्त्रांसाठी येतो. म्हणजे आधी मऊ, मग कोवळा, मग थंडी न सोसणारा. ‘मृदु’चा ‘मऊ’ झाला तेव्हा आपल्याकडेही मधलं व्यंजन ‘ह्नेश’च्या ‘ह’सारखंच गळालं, हे त्या वेळी आठवून फार बरं वाटलं.

टीप काढली. ‘नाजूक’ही काढलं, त्यात बापाची चीड नाही. आता तो म्हणतो, ‘एवढा काय रे लोण्याचा!’