माहेरचा आचारी

पॅरिस, शनिवार रात्र

सकाळी लेक म्हणाली, "आई, चल, आज तुला एक दुकान दाखवते." मेट्रोतून उतरून चालत रू माँतोर्गेईला आलो. बाजाराचीच गल्ली ती. मासळी, चीज, फळं, फुलं सगळं दुतर्फा मांडलेलं. ५१ नंबरला स्तोरेर. पॅरिसमधलं सगळ्यांत जुनं पेस्ट्रीचं दुकान, १७३० सालचं.

साल ऐकलं आणि माझं मन थेट पुण्याला गेलं. त्याच वर्षी जानेवारीत बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला. वाडा जळला, आता तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरलीत. इथे मात्र अजून रोज ताजा माल लागतो.

दुकान अगदी लहान आहे, चार माणसं उभी राहिली की भरतं. पण मान वर केली की डोळे निवतात. भिंतींवर पदार्थांची तबकं घेतलेल्या सुंदर स्त्रिया, सोनेरी नक्षी, आरसे, वर झुंबर. ही सजावट १८६४ची, पॉल बोद्री या चित्रकाराच्या नावावर सांगतात. त्यानेच पुढे इथल्या ऑपेराच्या मोठ्या दालनाचं छत रंगवलं. मिठाईच्या दुकानाला असा चित्रकार मिळावा, आणि सरकारने ते काम वारसा म्हणून जपावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पण दिवसभर मनात घोळत राहिला तो निकोला स्तोरेर. पोलंडचं राज्य गमावलेला राजा स्तानिस्लास तेव्हा अल्सासमध्ये विसेंबूर्गला आश्रयाला होता, आणि हा त्याच्या मुदपाकखान्यातला. राजाची मुलगी मारी १७२५ मध्ये पंधराव्या लुईला दिली. ती बावीस वर्षांची, नवरा पंधराचा. वर्सायला निघताना तिने हा पेस्ट्रीवाला बरोबर नेला. आपल्याकडे नवरीबरोबर पाठराखीण जाते. हिच्याबरोबर आचारी गेला. एवढ्या परक्या राजवाड्यात माहेरच्या हातची चव कुणीतरी करून घालणारं होतं, हे वाचून मला त्या मुलीसाठी बरं वाटलं. पाच वर्षांनी त्याने हे दुकान काढलं.

'बाबा' हा इथला मानाचा पदार्थ. गोष्ट अशी सांगतात की स्तानिस्लासला कूगलोफ हा केक कोरडा लागला, म्हणून तो गोड वाइनमध्ये भिजवला. नाव अलीबाबावरून पडलं असं काहीजण म्हणतात. मला मात्र पोलिश 'बाबा' पटतो. त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे म्हातारी, आजी. रम आली ती पुढे. यीस्टने फुगवलेला, जाळीदार, पाकाने तुडुंब. पहिल्या घासाला रम टाळूला चढते, मग लोणी कळतं. आम्ही एक 'प्यूइ दामूर'ही घेतला, म्हणजे प्रेमाची विहीर. खारीसारख्या पापुद्र्यांच्या वाटीत व्हॅनिलाचं क्रीम, वर साखर जाळून केलेला कुरकुरीत थर. छान होता. पण मन बाबावरच राहिलं.

कारण कोरडं झालेलं फेकायचं नाही, ओलावून गोड करायचं, हे मी सासूबाईंच्या हाताखाली शिकले. उरलेल्या पोळ्या कुस्करून गूळ-तुपात लाडू. राजाच्या घरीही तेच झालं.

लेकीला हे येताना रस्त्यात सांगितलं. ती काही बोलली नाही. लग्नाला दुसरं वर्ष, आणि मी आणलेलं मेतकूट तिने चमचा मोजून वापरायला काढलंय, ते परवाच माझ्या लक्षात आलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर तिने कालच्या चार पोळ्या माझ्यापुढे ठेवल्या. गूळ गार द्यू नोरजवळच्या दुकानातला, तूप तिने स्वतः कढवलेलं. मी कुस्करत होते आणि ती शेजारी बसून वेलची सोलत होती. जावयांनी तीन लाडू खाल्ले. उरलेले दोन तिने डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवले आहेत.