तुम्ही विचारलंत म्हणून: ‘महामद’ कोण?

संस्कृत शिकवते म्हटलं की हा प्रश्न येतोच. "मॅडम, भविष्यपुराणात पैगंबरांचं नाव आहे, हे खरं का?" कुणाला त्यात भविष्यवाणी हवी असते, कुणाला धिक्कार. मोबाइलवर श्लोक मात्र दोघांकडे तोच.

नाव आहे. या पुराणाच्या प्रतिसर्गपर्व नावाच्या भागात, तिसऱ्या खंडाच्या तिसऱ्या अध्यायात ‘महामद इति ख्यातः’ (‘महामद’ नावाने प्रसिद्ध) असं सरळ लिहिलंय. भोजराजा कालिदासाला बरोबर घेऊन सिंधूपार जातो, मरुस्थळातल्या महादेवाची पूजा करतो, तिथे हा आचार्य शिष्यांसह भेटतो. भविष्यवाणी शोधणाऱ्यांनी पुढचं वाचलेलं नसतं. तिथे शंकर त्याचा संबंध थेट त्रिपुरासुराशी लावतो. हा गौरव नव्हे.

मग धिक्कार तरी प्राचीन ऋषींचा मानायचा का? धारचा भोज अकराव्या शतकातला, पैगंबरांचं निधन 632 सालचं आणि कालिदास त्याच्याही आधीचा. तिघं एका कथेत येतात ती रचणाऱ्याच्या सोयीने. याच पर्वात आदम आहे, कबीर-नानक आहेत, अकबरही आहे. आणि ही ओळ आहे: ‘रविवारे च सण्डे च फाल्गुने चैव फर्वरी’. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पोथी मिटून बराच वेळ बसले होते. ‘सण्डे’ लिहिणाऱ्याच्या कानावर इंग्रजी पडलेली होती, याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा? भविष्यपुराण नावाचा ग्रंथ जुना आहे, आपस्तंबाच्या प्राचीन धर्मसूत्रात त्याचा उल्लेख येतो. पण मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने छापलेलं हे पर्व तेवढं जुनं नाही.

वेदांतला ‘नराशंस’ म्हणजे पैगंबरच का, असंही विचारतात. ऋग्वेदात ते अग्नीचं नाव आहे. ‘मुहम्मद’ या नावाशी ‘प्रशंसा’ हा अर्थ जुळला म्हणून व्यक्ती जुळत नाही.

माझी तळमळ वेगळीच आहे. इस्लामशी आपल्या वाङ्मयाची खरी भेट शोधायची तर ती मराठीतच आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमद या मुस्लिम संतकवींचा ‘योगसंग्राम’ आहे, एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ आहे. नाथांच्या त्या संवादात दोघं कडाडून भांडतात, एकमेकांच्या धर्मातली वर्मं काढतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. मी तो दरवर्षी वर्गात दोन मुलांना दोन भूमिका देऊन मोठ्याने वाचून घेते.