माजघरातले अंतर

मावसभावाच्या मुलाच्या मुंजीचे सुमारे 12 जीबी चित्रीकरण माझ्या फोनमध्ये होते आणि ते मागणारा मावसभाऊ माजघरातल्या झोपाळ्यावर माझ्या शेजारीच बसला होता. अंतर हातभराचे, तरीही सवयीने मी व्हॉट्सॲप उघडले. शेजारणीला वाटीभर साखर द्यायची, पण आधी ती मुंबईला पाठवून तिथून तिच्या पत्त्यावर धाडायची, अशातला हा प्रकार. शिवाय वाटेत चित्राचा दर्जा उतरतो तो वेगळाच. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास दर्जा टिकतो खरा, मात्र एका फाइलला 2 जीबीची मर्यादा पडते. त्या घरात रेंजची एक दांडी जेमतेम दिसत असल्याने तो बेत तिथेच संपला.

भावाने ब्लूटूथ सुचवले. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचे नाव मिरवणारे हे तंत्र रिंगटोनच्या काळात थोर होते. पण सेकंदाला अडीचशे केबीच्या आसपासचा त्याचा वेग धरला, तर आमच्या 12 जीबीला सुमारे तेरा तास लागले असते. तेवढ्यात दुसरी मुंज लागली असती.

शेवटी अँड्रॉइड फोनमधली जवळच्या फोनला फाइल पाठवायची सोय, क्विक शेअर, उघडले. त्यातही ब्लूटूथ असते, पण मध्यस्थापुरते: दोन फोनांची गाठ घालून देऊन ते बाजूला होते आणि ओझे वाहते ते वायफाय, तेही राउटरवाचून, एका फोनमधून थेट दुसऱ्यात. ॲपलचे 2011 साली आलेले एअरड्रॉपही याच रीतीने चालते. 2020 साली आपल्याकडे बंदी येईपर्यंत शेअरइट आणि झेंडर यांनीही हेच केले आणि कित्येक सिनेमे डेटाचा थेंबही न खर्चता या फोनमधून त्या फोनमध्ये फिरले. केबल होती, पण टाइप-सीची तोंडे सारखी दिसली तरी चार्जरसोबत मिळणारी केबल बहुधा यूएसबी 2.0 च्या सेकंदाला 480 मेगाबिटांवरच अडते, म्हणून तिच्यासाठी उठावेसे वाटले नाही.

आकडा भराभर वाढताना पाहून मावशीने विचारले, “अरे, रेंज नाही म्हणतोस, मग हे जातंय कुठून?”

या माजघराबाहेर काहीच जात नाही, सगळे या फोनमधून त्या फोनमध्येच चालले आहे, असे मी तिला समजावून सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मग दार लोटून घेऊ का?”