बेरेन्देईच्या समासातली टाचणी

पावसाळ्याआधी ‘स्नेगूरोच्का’ म्हणजे ‘हिमकन्या’ या रशियन नाटकातल्या पोशाखाचा आराखडा जुन्या पुठ्ठ्यावरून सोडवायचा, असं गेल्या नोंदीत लिहिलं होतं. सोडवला. चार रविवार गेले, पण कागद सुखरूप आहे.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: वहीच्या पानाएवढा कागद, गुआश म्हणजे पाण्यात कालवायचे दाट रंग, नाटकातला राजा त्सार बेरेन्देई याचा पोशाख. सही नाही. सोव्हिएत काळातल्या कुठल्याशा नाट्यगृहासाठी केलेला, जुन्या पोस्टकार्डांच्या गठ्ठ्याबरोबर माझ्याकडे आला. बाजारात त्याला फारशी किंमत नाही. माझ्यासाठी मात्र तो संग्रहातला सर्वांत मोलाचा कागद आहे, कारण त्याचा समास शाबूत आहे. डावीकडे पेन्सिलीत शिंप्यासाठी सूचना, खाली नटाच्या मापांचे आकडे आणि वरच्या कोपऱ्यात टाचणीनं लावलेला लोकरी कापडाचा तुकडा.

‘स्नेगूरोच्का’ म्हटलं की रशियन रंगभूमीचं एक वळणच डोळ्यांसमोर येतं. नाटककार ओस्त्रोव्हस्कीचं हे नाटक १८७३चं. १८८२ साली कलांचा आश्रयदाता उद्योगपती साव्वा मामोंतोव्ह याच्या मॉस्कोतल्या घरी त्याचा हौशी प्रयोग झाला, तेव्हा नेपथ्य आणि पोशाख चित्रकार व्हिक्तर वास्नेत्सोव्हनं केले. हिमआजोबांची भूमिकाही त्यानंच केली. पुढे १८८५ साली मामोंतोव्हच्या खासगी ऑपेरात संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हचं याच नाटकावरचं ऑपेरा ‘स्नेगूरोच्का’ आलं, त्याचंही काम वास्नेत्सोव्हकडेच होतं. कोठारातले तेच ते पडदे पुन्हा पुन्हा लावायचे, ही तेव्हाची नाट्यगृहांची रीत. अशा काळात एका घरगुती प्रयोगापासून सुरुवात करून एक मोठा चित्रकार नाटकासाठी शेतकऱ्यांच्या भरतकामाचे नमुने बारकाईनं बघत बसतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. निकोलाय रोरिकही या कथेकडे पुन्हा पुन्हा वळला. हिमालयाच्या चित्रांमुळे आपल्याकडे ओळखला जाणारा, कुलूजवळ नग्गरला राहून १९४७ साली तिथंच वारलेला, तोच हा रोरिक.

आता काम. गुआशला पाणी चालत नाही, रंग लगेच विरघळतो. म्हणून चित्र गुळगुळीत सिलिकॉन कागदावर पालथं ठेवलं आणि मागचा पुठ्ठा स्काल्पेलनं पापुद्र्या-पापुद्र्यानं कोरडाच सोलला. शेवटच्या थरातला गोंद मऊ करायला मिथाइल सेल्युलोजची घट्ट जेल लावली, एका वेळी टपाल तिकिटाएवढ्याच जागी. दोन-तीन मिनिटं थांबायचं, फुगलेला गोंद बोथट चाकूनं खरवडायचा, टिपकागद दाबायचा आणि तो पूर्ण सुकल्याशिवाय शेजारच्या जागेला हात लावायचा नाही. तिसऱ्या रविवारी आर्द्रतामापक ७८ टक्के दाखवत होता, तेव्हा काम बंद ठेवलं.

टाचणीनं जास्त विचार करायला लावला. ती गंजली होती आणि भोवती तपकिरी वलय पसरलं होतं. ठेवली तर गंज कागद खात राहणार. काढली तर शिंप्यानं किंवा चित्रकारानं स्वतः टोचलेली वस्तू जाणार. शेवटी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, खाली पॉलिएस्टरची पट्टी सरकवून टाचणी बारीक कटरनं तोडली आणि काढून घेतली. कापडाचा तुकडा त्याच जुन्या छिद्रांतून सुती धाग्यानं सैल बांधला. टाचणीचे दोन्ही तुकडे वेगळ्या पाकिटात, वर पेन्सिलीनं तारीख.

समासाबद्दल मी इतका हळवा का, तेही सांगतो. १९१२च्या ‘ल दिअ ब्लू’, म्हणजे ‘निळा देव’ या बॅलेसाठी चित्रकार लिओं बाक्स्टनं केलेल्या पोशाखाच्या आराखड्याचं एक छापील पान माझ्याकडे आहे. रशियन बॅले-मंडळीचा चालक दियागिलेव्ह याच्या मंडळीनं तो बॅले पॅरिसला केला, नर्तक निजिन्स्की निळा देव झाला होता. बाक्स्टनं आपल्या कल्पनेतला भारत त्यात रंगवला. ते पान मी फ्रेम करायला दिलं आणि चौकटीत बसवण्यासाठी कारागिरानं तळाचा समास कापला. पात्राचं नाव आणि ते पान ज्या छापील अंकातलं होतं त्याची तारीख त्यातच होती. वाईट आजही वाटतं.

निळ्या देवाचा खरा पोशाख ऑस्ट्रेलियात, कॅनबराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. दियागिलेव्ह १९२९ साली गेल्यावर त्याचे पोशाख हात बदलत गेले आणि पॅरिसजवळ मॉन्त्रूजच्या गोदामात बराच काळ पडून राहिले. मग लंडनला लिलाव झाले. १९७३च्या लिलावात ऑस्ट्रेलियानं मोठी खरेदी केली. आराखड्यांच्या कागदांची वाट निराळी. ते चित्रकारांच्या घरी, वारसांच्या ट्रंकांत राहिले. संग्राहक निकिता लोबानोव्ह-रोस्तोव्स्कीनं १९५४ साली लंडनमध्ये दियागिलेव्हवरचं प्रदर्शन पाहिलं आणि पुढे पत्नी नीनासह असे कागद दशकानुदशकं शोधले. तो संग्रह आता सेंट पीटर्सबर्गच्या नाट्य-संगीत संग्रहालयात आहे. त्याकाळी या कागदांना कुणी विचारत नव्हतं, हे आठवलं की माझ्या बेसहीच्या बेरेन्देईकडे बघताना धीर येतो.

आता चित्र आम्लरहित फोल्डरमध्ये, समास पूर्ण उघडा ठेवून. डब्यात सिलिका जेल, डांबरगोळ्या नाहीत. भिंतीवर लावणार नाही.

पुठ्ठा निघाल्यावर मागे पेन्सिलीतली आणखी एक ओळ सापडली. ‘बाही’ आणि ‘अस्तर’ हे शब्द लागले, तिसरा लागत नाही. जुनं रशियन हस्ताक्षर वाचणारं कुणी असेल तर सांगा, मोठा करून फोटो पाठवतो.