मिडी नोंदवही: पट्टी दाबली की आवाज येईपर्यंत

डेस्कटॉपवर लिनक्स, शेजारी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड. हवं होतं ते एवढंच: जमवलेल्या मिडी फायली (कोणती पट्टी कधी, किती जोराने दाबायची याच्या नोंदी) नीट वाजाव्यात आणि कीबोर्डवर बोट पडलं की संगणकातून आवाज यावा. अर्ध्या तासाचं काम समजून बसलो होतो. आज तिसरा रविवार.

पहिला रविवार केबलने खाल्ला. कीबोर्ड चालू, यूएसबी जोडलेली, पण संगणकाला त्याचा पत्ताच नाही. ड्रायव्हर शोधत बसलो, खरं तर हल्लीच्या बहुतेक कीबोर्डना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. शेवटी कळलं की खणातून काढलेली केबल फक्त चार्जिंगची होती, डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्याच. केबल बदलली आणि मिडी जोडण्या दाखवणाऱ्या 'एकनेक्ट' आज्ञेच्या यादीत कीबोर्ड नावासकट उभा.

मग फाइल वाजवायला घेतली. ती वाजवणाऱ्या 'एप्लेमिडी' आज्ञेला पोर्ट, म्हणजे संदेश कोणत्या दारी पाठवायचे ते, सांगावा लागतो. यादीत पहिला दिसला १४ क्रमांकाचा 'मिडी थ्रू', तोच दिला. तीन मिनिटांची फाइल बरोबर तीन मिनिटांनी संपली. चूक नाही, इशारा नाही, आवाजही नाही. 'मिडी थ्रू' म्हणजे नुसती वाटेतली चौकी: आलेला संदेश पुढे पाठवायचा, आणि पुढे कोणी जोडलेलंच नसेल तर तो हवेत. मिडीत आवाज नसतो हे मला माहीत होतं की! अमुक पट्टी, अमुक जोराने, इतकाच निरोप असतो. पण माहीत असणं वेगळं आणि तीन मिनिटं शांतपणे पडद्याकडे बघत बसणं वेगळं.

आवाजासाठी फ्लुइडसिंथ घेतला, मिडीच्या निरोपांचा आवाज करणारा प्रोग्राम. त्याला साउंडफॉन्ट लागतो, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित तुकड्यांची फाइल. आधी सहा एमबीची छोटी फाइल लावली. पियानो चालून गेला, पण व्हायोलिन ऐकवेना. मग सुमारे १४० एमबीची फ्लुइडआरथ्री लावली आणि त्याच जुन्या फायली ओळखू येईनात. तुमच्यापैकी कोणी 'मिडीचा आवाज खेळण्यासारखा' म्हणून हा नाद सोडला असेल, तर दोष फायलींचा नसून साउंडफॉन्टचा असण्याची शक्यता जास्त. आवाज बारीक वाटला, कारण फ्लुइडसिंथचा गेन, म्हणजे आवाजाची पातळी, मुळात ०.२ असतो. एकदम १ वर नेला तर भरगच्च जागी आवाज फाटला. ०.६ वर ठेवलाय.

एका फाइलीत तबकड्या आणि ढोल यांच्या जागी पियानो खडखडत होता. १९९१च्या जनरल मिडी ठरावानुसार १२८ वाद्यांचे क्रमांक पक्के आहेत आणि तालवाद्यांसाठी दहावा चॅनल राखीव आहे. पण येणारे मिडी संदेश पडद्यावर दाखवणारा 'एसेकडंप' चॅनल शून्यापासून मोजतो, म्हणजे त्याचा ९ हा आपला १०. मी ताल एक घर पुढे सरकवून बसलो होतो.

'एसेकडंप' मात्र फार कामाचा. पट्टी दाबा, ओळ उमटते. मधली पांढरी एक म्हणजे ६०. माझा कीबोर्ड पट्टी सोडल्यावर 'नोट ऑफ' पाठवतच नाही, शून्य जोराचा 'नोट ऑन' पाठवतो. आधी बिघाड वाटला, पण ती जुनी काटकसर आहे. १९८३च्या मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. तीन बाइटच्या एका सुराला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. सलग संदेश एकाच जातीचे असले की पहिला बाइट गाळता येतो, म्हणून सोडणंही दाबण्याच्याच रूपात पाठवायचं. यूएसबीवर त्याची गरज उरलेली नाही, सवय उरली आहे.

कीबोर्ड फ्लुइडसिंथला जोडला आणि प्रत्येक सूर दोनदा! एक कीबोर्डच्या स्वतःच्या स्पीकरमधून, दुसरा मागून धापा टाकत संगणकातून. कीबोर्डच्या मेनूत 'लोकल कंट्रोल' बंद केला की पहिला गप्प होतो. पण लगेच बंद केला नाही, कारण उशीर किती आहे ते त्या दोन आवाजांमुळेच नीट ऐकू येत होतं.

उशीर बफरचा, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठवणाऱ्या जागेचा. लिनक्सवर आवाज सांभाळणारा पाइपवायर एका वेळी आवाजाचे १०२४ नमुने भरत होता, सेकंदाला ४८,००० या दराने हे २१ मिलिसेकंद. हवेतून आवाज तेवढ्या वेळात सात मीटर जातो, म्हणजे पियानो खोलीच्या पलीकडे ठेवून वाजवण्यासारखं. त्यावर फ्लुइडसिंथची स्वतःची रांग वेगळीच. मग त्याला पाइपवायरच्या जॅक वाटेने (कमी उशिराची ध्वनिजोडणी) चालवलं, म्हणजे एकच बफर उरतो, आणि आकडा खाली आणत गेलो. १२८ वर हात खूश, पण ब्राउझर उघडला की कडकड. पाइपवायरचं काम दाखवणाऱ्या 'पीडब्ल्यू-टॉप'मधला चुकांचा रकाना वाढताना दिसायचा. २५६ वर, म्हणजे पाच मिलिसेकंदांवर, कडकड थांबली. तिथेच मुक्काम.

संगणक बंद करून चालू केला की जोडणी जाते आणि प्रोग्रामांचे क्रमांकही बदलतात. म्हणून स्क्रिप्टमध्ये क्रमांकाऐवजी नावं लिहिली. दोन ओळींचं काम, उगाच आठवडाभर हाताने जोडत होतो.

आज सूर लांबवणारं पॅडल लावलं तर उलटं चालायला लागलं: पाय उचलला की सूर लांबतात, दाबला की तुटतात. 'एसेकडंप'मध्ये ६४ क्रमांकाचा कंट्रोलर, म्हणजे हेच पॅडल, पाय वर असताना १२७ दाखवत होता. माझा कीबोर्ड चालू होताना पॅडलची जी स्थिती असेल तिलाच 'पाय वर' समजतो, आणि चालू करताना माझा पाय नेमका पॅडलवर होता. पाय काढून पुन्हा चालू केला, झालं.