मुहूर्ताची गर्दी आणि एका ऑफरोड गाडीची डिलिव्हरी

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात शोरूमच्या मागच्या शेडमध्ये काय चालतं हे गिऱ्हाइकाला दिसलं ना, तर निम्मे लोक मुहूर्ताचा नाद सोडतील. २०२५ ला तर कहरच झाला. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि २ ऑक्टोबरला दसरा, म्हणजे लोकांनी थोपवून धरलेलं सगळं बुकिंग एकदम अंगावर. कंटेनरमधून गाड्या उतरतायत, एकजण बॅटऱ्या जोडतोय, एकजण आरसे बसवतोय, एकजण नुसता पाणी मारून पुसतोय आणि पुढून सेल्सवाला दर पाच मिनिटांनी ओरडतोय "झाली का, पार्टी आलीये". कुठल्या शोरूमचं नाव घेत नाही, त्या दिवसांत सगळीकडे हेच असतं.

आता १०० सीसीच्या साध्या गाडीला हे चालून जातं. हवा, ऑइल, ब्रेक, लाइट, हॉर्न बघितलं, एक चक्कर मारली, दिली. पण ऑफरोड गाडी त्याच रांगेत उभी करून त्याच हाताने काढली की माझं डोकं फिरतं. कारण ही गाडी घेणारा माणूस पहिल्याच रविवारी ती दगडात घालणार आहे, आणि तिथे ती त्याला फिट बसलेली नसेल तर दोष गाडीला लागतो. लोकांना वाटतं पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी, ती फक्त गाडीत काही खोट आहे का ते बघणं. असल्या गाडीत ते अर्धंच काम, उरलेलं अर्धं म्हणजे ती ज्याची आहे त्याच्या मापाची करणं, आणि त्यासाठी तो माणूस समोर लागतो.

तर त्या गर्दीत पाटणकडच्या एका पोराची हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही प्रो होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रो म्हणजे उंच वाली. साध्या एक्सपल्सची सीट ८२५ मिलिमीटरवर, हिची ८९१. पुढचा शॉकअप २५० मिलिमीटर दबतो, मागचं चाक २२० मिलिमीटर वरखाली होतं, खाली दगडाला जागा २७० मिलिमीटर. इंजिन तेच १९९.६ सीसीचं, ऑइल कूल्ड. मी मॅनेजरला सांगितलं ही गाडी माझ्याकडे राहू दे, मुहूर्ताच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तयार देतो, मध्ये कोणी हात लावू नका.

सगळ्यात आधी ब्रेकची डिस्क. नवीन गाडीच्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून जे काही असतं ते, वर प्रवासाची धूळ, वर धुणाऱ्याने मारलेलं पॉलिश, हे सगळं ब्रेक क्लीनरने स्वच्छ कापडावर घेऊन काढायचं. हे राहिलं तर पहिले शंभर किलोमीटर ब्रेक चिरकतो आणि गिऱ्हाईक म्हणतं पॅड खराब आहेत. बॅटरी जोडायच्या आधी चार्जरला लावून पूर्ण भरायची, तशीच अर्धवट जोडून बटन मारत बसलं की तिचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी होतं. यात काही विशेष नाही, पण घाईत पहिली उडते ती हीच गोष्ट.

मग पुढचं चाक. येताना गाडी पट्ट्यांनी आवळून, शॉकअप दाबलेल्या अवस्थेत आलेली असते. त्यामुळे मी पुढचा ऍक्सल सैल करतो, हँडल धरून पुढचा भाग चारदोन वेळा जोरात दाबतो म्हणजे शॉकअपचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात, आणि मग टॉर्क रेंचने परत आवळतो. नंतर पुढचं चाक उचलून कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बघायचा, दोन्ही पाय खालून धरून पुढेमागे हलवायचे, कटकट जाणवली तर ढिला, आणि हँडल मधोमध कुठे अडकल्यासारखं झालं तर जास्त आवळलेला. गाडी चालू करून आयडलवर ठेवायची आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवायचं. आरपीएम वाढला तर समजायचं ऍक्सलरेटरची केबल कुठेतरी ताणली जातेय. हे रस्त्यावर कळत नाही, घाटातल्या यू टर्नला किंवा बांधावर गाडी वळवताना कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

स्पोक. यात मला वेळ लागतो आणि मी तो घेतो. अलॉयवाल्या गाड्यांवर शिकलेली नवीन पोरं स्पोककडे बघतच नाहीत. चाक उचलून फिरवायचं आणि छोट्या पान्याने एकेका स्पोकवर टिचकी मारत जायचं, सगळे साधारण एका सुरात टणटण वाजले पाहिजेत. मध्येच एखादा बद्द वाजला की तो ढिला. निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाचा नट, पाव फेरा, जास्त नाही, आणि परत फिरवून रिंग आउट, म्हणजे वाकडी, होत नाही ना ते बघायचं. नवीन चाकात स्पोक थोडे बसतातच, सगळ्या स्पोकवाल्या गाड्यांचं तसंच असतं, म्हणून पहिल्या एकदोन राइडनंतर परत तपासावे लागतात आणि हे डिलिव्हरीच्या वेळी तोंडाने सांगावं लागतं, मॅन्युअल कोण वाचतंय.

ट्यूबच्या व्हॉल्व्हला रिमजवळ एक छोटा नट असतो, तो सगळे रिमला घट्ट आवळून टाकतात. मी तो उलटा वर नेऊन टोपणाला टेकवून ठेवतो. कारण हा माणूस मातीत हवा कमी करणार, कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि सोबत ट्यूबला ओढतो. नट मोकळा असेल तर व्हॉल्व्ह तिरका झालेला डोळ्याला दिसतो, तेव्हाच हवा सोडून सरळ करता येतो. नट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह सरळच दिसत राहतो आणि एक दिवस मुळापासून फाटतो, त्याला पंक्चरचा ठिगळ पण लागत नाही. डिलिव्हरीला हवा मात्र पुस्तकाप्रमाणेच भरून देतो, मातीत किती कमी करायची ते नंतरचं.

आता चेन. यावर माझी शेडमध्ये सगळ्यांशी भांडणं झालीत. साध्या गाडीची सवय असलेला मेकॅनिक उंच गाडीची चेन बघतो, लोंबतेय वाटतं, आणि आवळतो. दिसायला एकदम नीटनेटकी. पण या गाडीचं मागचं चाक एवढं वरखाली होतं की चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा भाग, वर जाताना चेन ताणली जाते, आणि पुढचं छोटं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा ऍक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की ती सगळ्यात जास्त ताठ असते. स्टँडवर उभी असताना जी चेन बरोबर वाटते ती खड्ड्यात पडल्यावर दोरीसारखी ताठ होते, शॉकअप पूर्ण दबू शकत नाही आणि सगळा मार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. म्हणून एकदा दोघांना सीटवर बसवून, नाहीतर पट्टा लावून, गाडी त्या रेषेपर्यंत दाबायची आणि तिथेही चेनला थोडं तरी ढिलेपण आहे ना ते हाताने बघायचं. मग गाडी सोडल्यावर चेन कितीही लोंबकळलेली दिसो. दिसू दे.

एवढं झाल्यावर त्या पोराला फोन केला. म्हटलं उद्या मुहूर्ताला ये पण आज संध्याकाळी अर्धा तास येऊन जा, आणि राइडला जे बूट घालणार ते घालून ये, हेल्मेट आणि बॅग पण आण. तो म्हणाला "दादा, बूट कशाला, गाडी तर उद्या मिळणारे ना?" म्हटलं ये तर खरं.

आला तो. त्याला सगळ्या सामानासकट फूटरेस्टवर उभं राहून मग सीटवर बसायला लावलं, एका पोराने पुढून हँडल धरलं, आणि मी मागच्या ऍक्सलपासून सरळ वर टेलच्या एका बोल्टपर्यंत टेपने माप घेतलं. हे माप तीनदा घ्यायचं असतं, चाक हवेत असताना, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना आणि माणूस बसल्यावर. माणूस बसल्यावर एकूण ट्रॅव्हलच्या (चाक जेवढं वरखाली होतं त्याच्या) साधारण एक तृतीयांश गाडी खाली बसली पाहिजे, म्हणजे हिच्यात ७० मिलिमीटरच्या आसपास. हा गडी तगडा, बॅग धरून नव्वद किलोच्या पुढे, गाडी त्यापेक्षा बरीच खाली गेली. प्रीलोडची रिंग, म्हणजे मागची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी, ती फिरवत फिरवत ७५ पर्यंत आणलं. मग त्याला उतरवून नुसत्या गाडीचं माप परत घेतलं, कारण इथेच खरं कळतं. माणसासोबतचं माप बरोबर आलं पण नुसती गाडी जराही खाली बसत नाही असं झालं, तर स्प्रिंग त्या माणसाला मऊ पडतेय आणि आपण रिंग आवळून उगाच लपवाछपवी करतोय. याच्या बाबतीत गाडी अजून बऱ्यापैकी बसत होती, म्हणजे चालेल. कॉम्प्रेशन आणि रिबाउंडला, म्हणजे शॉकअप किती पटकन दबतो आणि किती पटकन परत येतो त्याला, मी हात लावला नाही. ऍडजस्टरच्या आहेत त्या क्लिक मोजून कागदावर लिहून दिल्या आणि सांगितलं, एका वेळी एकच फिरवायचं, नाहीतर काय केल्याने काय झालं ते कळत नाही.

मग उभ्याने हातपाय. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर शोरूममधून येतात त्या बसून चालवायच्या कोनात. उभं राहिल्यावर मनगट मागे मुडपतं आणि दहा किलोमीटरमध्ये हात भरून येतो. दोन्ही थोड्या खाली फिरवल्या. क्लॅम्पखाली टेफ्लॉन टेपचे दोनतीन वेढे दिले आणि बोल्ट हलणार नाही इतपतच घट्ट केले, म्हणजे गाडी पडली की लिव्हर फिरते, तुटत नाही. बुटाची टाच फूटरेस्टवर ठेवून गिअरखाली पुढचं टोक जातं का ते बघितलं, जात नव्हतं, गिअर लिव्हर एक दाता वर घेतली. ब्रेक पेडलही बुटाच्या उंचीला. चपलेवर ट्रायल घेऊन गाडी नेणाऱ्यांना हे सगळं नंतर कळतं.

पासिंग, इन्शुरन्स, एचएसआरपी प्लेट, हे त्या दिवसांत जेवढं वेळेत होतं तेवढं झालं. गड्याला सारी गार्ड काढून हवं होतं, म्हटलं नियमाने लागतं, मी काढून देणार नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं घर आलं. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. मी फक्त एवढंच बघत उभा होतो की कोणी तेलातलं कुंकू डिस्कला लावू नये, टाकीला लावा, हेडलाइटला लावा, स्वस्तिक काढा, पण डिस्कला नको, आदल्या दिवशीचं सगळं पुसणं वाया. त्याच्या आईने ओवाळलं, गाडीभोवती एक फेरी मारली, मग सीटकडे बघून मला विचारलं, "अरे, यावर मी बसायचं कसं?" मी म्हटलं काकू, आधी तो बसेल, मग तुम्ही फूटरेस्टवर पाय देऊन चढा. त्यांनी एकदा सीटकडे बघितलं, एकदा मुलाकडे, आणि म्हणाल्या "मी आपली एसटीने येते."

जाताना त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घेऊन दहाबारा वेळा नीट ब्रेक लावून गाडी हळू कर, चाक लॉक न करता, म्हणजे पॅड बसतील. आणि एबीएसचा रॅली मोड आजच चालू करून बघू नकोस, त्यात एबीएस बंद असतं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. हो, कासच्या पठारावर गाडी घालायची नाही हे पण सांगितलं, तिथे फुलं चिरडून रील काढणाऱ्यांना मी गाडी तयार करून देत नाही.

दिवाळीच्या आधी आला परत, कोयनेच्या वरच्या रानातून, गाडी लाल मातीने ओळखू येत नव्हती. एका ओढ्यात उजव्या बाजूला पडला होता. ब्रेकची लिव्हर फिरून वर गेली होती, शाबूत होती, जागेवर आणली. मागचे चारपाच स्पोक ढिले निघाले ते पाव पाव फेरा घेतले, व्हॉल्व्ह थोडा तिरका झाला होता तो हवा सोडून सरळ केला. आरसा गेला. स्टॉकला नव्हता, मागवलाय.